दोन व्होल्ट, हजार अ‍ॅम्पिअर

मायकेल फॅरडेचे वडील लोहार होते. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फॅरडेने जो प्रयोग केला त्यातली मुख्य वस्तूही लोखंडाचीच होती : मऊ लोखंडाचे एक गोल कडे, बाहेरून सहा इंच व्यासाचे, अंगाने पाऊण इंचाहून थोडे जाड. त्यावर समोरासमोर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. आवरण असलेली तार तेव्हा दुकानात मिळत नव्हती, म्हणून वेढे एकमेकांना लागू नयेत यासाठी मध्ये सुती कापड आणि दोरा घातलेला. एका वेटोळ्यातला प्रवाह सुरू किंवा बंद केला, की दुसऱ्या वेटोळ्याच्या तारेजवळ ठेवलेली चुंबकसूची क्षणभर थरथरायची. दोन्ही वेटोळ्यांमध्ये तारेचा काहीही संबंध नव्हता. संबंध होता तो फक्त लोखंडातून जाणाऱ्या चुंबकत्वाचा. हाताने गुंडाळलेला हा पहिला ट्रान्सफॉर्मर. आज कुणी घरच्या वर्कशॉपमध्ये तांब्याची जाड पट्टी लोखंडी गाभ्यावर गुंडाळून सळई लाल करतो, तेव्हा तो याच कड्याची मोठी आवृत्ती बनवत असतो.

उष्णतेचा हिशेब त्यानंतर दहा वर्षांत लागला. सॅलफर्डच्या एका बिअर बनवणाऱ्या घराण्यातला जेम्स प्रेस्कॉट जूल काचेच्या नळीवर तार गुंडाळून ती पाण्यात बुडवायचा, तारेतून प्रवाह सोडायचा आणि पाणी किती तापले ते मोजायचा. १८४१ साली त्याने नियम प्रसिद्ध केला : उष्णता ही तारेचा रोध आणि प्रवाहाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट होते, दहापट केला की शंभरपट. रोध मात्र दुप्पट केला तर उष्णता फक्त दुप्पट. या प्रकरणातले सगळे काही त्या वर्गातून निघते.

तरीही लोखंड तापवायला वीज वापरावी हे सुचायला बरीच वर्षे जावी लागली. बॅटरीतून एवढा प्रवाह काढणे खर्चिक होते, आणि प्रत्यावर्ती विजेची व्यवस्था अजून कुठे उभी राहिली नव्हती. १८७७च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये एलिह्यू थॉमसन नावाचा विशीतला शिक्षक विजेवर व्याख्याने देत होता. प्रयोगासाठी त्याच्याकडे इंडक्शन कॉइल होते. नेहमीच्या वापरात त्याच्या जाड तारेत बॅटरीचा प्रवाह द्यायचा आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांतून लांब ठिणग्या काढायच्या. थॉमसनने क्रम उलटा केला. लेडन जारमध्ये साठवलेला उच्च दाबाचा विद्युतभार त्याने बारीक तारेतून सोडला. जाड तारेची दोन टोके त्या वेळी एकमेकांना टेकलेली होती. नंतर पाहिले तर ती वितळून एकजीव झाली होती.

थॉमसनने ही गोष्ट डोक्यात ठेवली. १८८५-८६च्या सुमारास त्याने मुद्दाम या कामासाठी ट्रान्सफॉर्मर बनवला : एका बाजूला पुष्कळ वेढे, दुसऱ्या बाजूला तांब्याचा जाडजूड एखाद-दुसरा वेढा, आणि त्याच्या टोकांना धातूचे दोन तुकडे धरून एकमेकांवर दाबणारे चिमटे. १८८६ साली पेटंट मिळाले, १८८८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या लिन या गावी वेल्डिंगची स्वतंत्र कंपनी निघाली. पत्र्याच्या कपाटाच्या कारखान्यात कारागीर ‘स्पॉट मारतो’ ते यंत्र थॉमसनच्या यंत्राचे थेट वंशज आहे. एक मिलिमीटरच्या दोन पत्र्यांना जोडायला ते ८ ते १० हजार अ‍ॅम्पिअर सोडते, तेही सेकंदाच्या पाचव्या भागाइतकाच वेळ, आणि तांब्याच्या दोन टोकांमध्ये पत्रे दोनशे किलोच्या आसपास जोराने दाबून धरते.

आता सळईचाच हिशेब करू. आकडे पाहिल्याशिवाय या विषयातली गंमत कळत नाही.

दहा मिलिमीटर जाडीची साध्या पोलादाची सळई घ्या आणि तिचा दहा सेंटिमीटर लांबीचा भाग तापवायचा ठरवा. या तुकड्याचा रोध साधारण ०.१९ मिलीओहम भरतो, म्हणजे एका ओहमच्या पाच हजाराव्या भागाएवढा. तो सरळ घराच्या २३० व्होल्टला जोडला तर कागदावर बारा लाख अ‍ॅम्पिअर प्रवाह निघतो. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी एमसीबी पडतो, कारण विजेच्या दृष्टीने हे शॉर्ट सर्किट आहे. घरची वीज दाब खूप देते आणि प्रवाह थोडा. सळईला नेमके उलटे हवे असते.

मध्ये ट्रान्सफॉर्मर आणला की चित्र बदलते. प्रायमरीला, म्हणजे वीज देतो त्या वेटोळ्याला, २३० वेढे आणि सेकंडरीला, म्हणजे वीज घेतो त्या वेटोळ्याला, दोन वेढे असतील तर २३० व्होल्टचे दोन व्होल्ट होतात. प्रवाह त्याच प्रमाणात, म्हणजे ११५ पटीने वाढतो. रोधाच्या बाबतीत मात्र ही पट दोनदा लागू होते. सेकंडरीला जोडलेला रोध प्रायमरीच्या बाजूने पाहिला तर ११५चा वर्ग, म्हणजे सुमारे १३,२०० पट मोठा दिसतो. लाल झालेल्या आपल्या सळईचा रोध १.३ ते १.४ मिलीओहमपर्यंत चढतो (तो का चढतो ते पुढे येईल). त्याला १३,२०० ने गुणले की १७-१८ ओहम होतात. तीन किलोवॅटच्या गीझरच्या कॉइलचा रोधही एवढाच असतो. म्हणजे घराच्या वायरिंगला त्या लाल सळईत आणि बाथरूममधल्या गीझरमध्ये काहीच फरक जाणवत नाही. तेरा अ‍ॅम्पिअर, नेहमीचे सोळा अ‍ॅम्पिअरचे सॉकेट, आणि दुसऱ्या टोकाला दीड हजार अ‍ॅम्पिअर. ट्रान्सफॉर्मरमुळे शॉर्ट सर्किटचे गीझर होते, आणि मला वाटते शाळेत ट्रान्सफॉर्मर शिकवताना ‘दाब वाढवणारा, दाब कमी करणारा’ एवढ्यावर न थांबता हेही सांगायला हवे.

हा तुकडा वजनाने साठ ग्रॅमच्या आसपास भरतो. तो ८०० अंशांपर्यंत न्यायला साधारण ३० किलोज्यूल लागतात. सळईतच हजारभर वॅट पडत असतील तर हे काम अर्ध्या-पाऊण मिनिटाचे आहे. भट्टी पेटवायची नाही, भाता नाही, धूर नाही. शिवाय चिमट्यांच्या मधलाच भाग तापतो, बाकीची सळई हातात धरता येईल इतकी थंड राहते.

एवढे सोपे असेल तर प्रत्येक वर्कशॉपमध्ये असे यंत्र का दिसत नाही? कारण वरच्या हिशेबात सळईशिवाय बाकी सगळ्याचा रोध शून्य धरला होता.

घरी बनवणाऱ्याला गाभा बहुधा मोडक्या मायक्रोवेव्ह ओव्हनमधून मिळतो. त्यातला ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे सुमारे दोन हजार व्होल्ट करतो. कपॅसिटर आणि डायोड ते जवळपास दुप्पट करून मॅग्नेट्रॉनला, म्हणजे ओव्हनच्या लहरी निर्माण करणाऱ्या नळीला, देतात. बारीक तारेची ती उच्च दाबाची गुंडाळी कापून काढली की गाभ्यात मोकळी जागा उरते. तिथे जाड केबलचे दोन-तीन वेढे ओवायचे, प्रायमरी आहे तशीच ठेवायची. अशा ट्रान्सफॉर्मरमध्ये दर वेढ्याला साधारण एक व्होल्ट मिळतो, त्यामुळे दोन वेढे म्हणजे दोन व्होल्ट.

पण हा गाभा कंजूषपणे बनवलेला असतो. पन्नास हर्ट्झवर गाभ्यातले चुंबकत्व सुमारे १.२ टेस्लाच्या मर्यादेत ठेवायचे तर दर वेढ्याला एक व्होल्ट मिळण्यासाठी जवळपास ४० चौरस सेंटिमीटरचा गाभा लागतो. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ‘व्होल्टला किती वेढे’ हा हिशेब गाभ्याच्या छेदावरून मांडतात तो याच नियमाने. ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये लोखंड याहून पुष्कळ कमी असते. बनवणाऱ्याने खर्च वाचवायला लोखंड संपृक्ततेच्या काठापर्यंत ढकललेले असते, पंख्याच्या वाऱ्यावर काही मिनिटे चालेल एवढीच त्याची अपेक्षा असते, आणि पुष्कळदा प्रायमरीही अ‍ॅल्युमिनियमची असते. परिणामी काहीही न जोडता नुसता चालू ठेवला तरी हा ट्रान्सफॉर्मर गरम होतो. स्पॉट वेल्डिंगसारख्या सेकंदभराच्या कामाला तो पुरतो. सळई मिनिटभर लाल ठेवायला तो योग्य नाही. त्यासाठी बंद पडलेल्या जुन्या वेल्डिंग मशीनचा भरदार गाभा शोधावा, सेकंडरी जाड तांब्याची करून घ्यावी. वजन चार माणसांनी उचलण्याइतके होईल, पण काम शांतपणे होईल.

ओव्हनच्या गाभ्यात दोन वेटोळ्यांच्या मध्ये लोखंडी पट्ट्यांचे छोटे गठ्ठे ठोकून बसवलेले असतात. ते काही बलरेषांना मधूनच आडवाट देतात, त्यामुळे प्रवाह आपोआप मर्यादेत राहतो. मॅग्नेट्रॉनसाठी ते गरजेचे होते, इथे ते अडथळा ठरतात. म्हणून जाणकार ते काढून टाकतात आणि त्याबरोबर आपल्या गळ्यात येणारी जबाबदारीही ओळखतात : आता शॉर्ट झालेल्या सेकंडरीला अडवणारे फारसे काही उरलेले नसते.

आता तांब्याचा हिशेब. सत्तर चौरस मिलिमीटरची केबल ही वेल्डिंगच्या कामातली चांगली जाड केबल मानतात. तिच्या एका मीटरचा रोध पाव मिलीओहमच्या जवळ असतो. दोन वेढे आणि दोन टोके मिळून दीड मीटर केबल लागली तर तांब्याचा रोध झाला ०.३५ मिलीओहमच्या आसपास. सळईचा होता ०.१९. म्हणजे बटण दाबल्यावर पहिल्या काही क्षणांत सळईपेक्षा केबलमध्येच जास्त उष्णता पडते! त्यात दोन्ही चिमट्यांच्या ठिकाणचा रोध धरा. जेमतेम आवळलेल्या, मळक्या सांध्याचा रोध सहज सळईपेक्षा जास्त भरतो. मग हजार अ‍ॅम्पिअर प्रवाह वाहत असूनही सळई कोमट, सांध्यातून ठिणग्या आणि केबलच्या रबराचा वास, अशी अवस्था होते. ट्रान्सफॉर्मर कमजोर आहे असे समजून लोक तिसरा वेढा चढवतात आणि सांधा आणखी जाळतात. दोष बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मरमध्ये नसतो.

या यंत्राच्या बनावटीतले खरे कसब मला इथे दिसते. प्रवाह वर्तुळातून सगळीकडे सारखाच वाहतो. तो कुठे उष्णता टाकेल हे फक्त रोध ठरवतो. म्हणून सळई तापवण्याचे नव्वद टक्के काम हे सळई सोडून बाकी काहीही तापू नये यासाठीचे असते. केबल शक्य तितकी आखूड. तिची रबरी सालही गाभ्याची जागा खाते, म्हणून कापडी किंवा फायबरग्लासच्या फितीत गुंडाळलेल्या तांब्याच्या पट्ट्या जास्त चांगल्या. टोकाची थिंबल हातोडीने चेपून न भागवता हायड्रॉलिक प्रेसने दाबलेली. बोल्टखाली तांब्याला तांबे थेट टेकलेले, मध्ये लोखंडी वायसर नाही.

दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तर ते पूर्ण टेकलेले दिसतात. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर प्रत्यक्षात त्यांची काही टोके-उंचवटेच एकमेकांना लागलेले असतात, आणि सगळा प्रवाह त्या मूठभर बिंदूंमधून दाटीवाटीने जातो. दाब वाढवला की उंचवटे चेपतात, टेकणारे क्षेत्र वाढते, रोध उतरतो. वर ऑक्साइडचा थर असेल तर तो आड येतो. तांब्याचा थर निदान घासून निघतो. अ‍ॅल्युमिनियमचा थर क्षणार्धात पुन्हा येतो. गरम रोलिंगमधून आलेल्या सळईवरची काळी खपली तर जवळजवळ विजेची साल असते, ग्राइंडरने धातू चकचकीत केल्याशिवाय प्रवाह आत शिरत नाही.

जुन्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या टेबलावर सोल्डरिंग गन असायची. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावच्या कार्ल वेलर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने ती १९४१ साली शोधली आणि १९४५ पासून विकायला काढली. पिस्तुलाच्या आकाराच्या डब्यात ट्रान्सफॉर्मर, त्याच्या सेकंडरीला जाड तांब्याचा एकच वेढा, आणि पुढे निघालेल्या दोन दांड्यांमध्ये तांब्याच्या बारीक तारेचे टोक. दाब एका व्होल्टहून कमी, प्रवाह शंभर अ‍ॅम्पिअरच्या पुढे. ट्रिगर ओढल्यावर काही सेकंदांत टोक तापते, कारण सगळ्या वर्तुळात अरुंद जागा तेवढीच. ही गन वापरणाऱ्या प्रत्येकाला तिचे एक वैगुण्य माहीत असते : काही महिन्यांनी टोक तापायचे बंद होते, आणि टोक धरणारे दोन नट अर्धा फेरा सैल करून पुन्हा घट्ट आवळले की गन जिवंत होते. बिघडलेले काही नसते. नटाखाली ऑक्साइड साचलेला असतो, आवळताना तो घासला जातो. हजार अ‍ॅम्पिअरच्या यंत्रातही नेमके हेच घडते, फक्त तिथे ऑक्साइड साचलेला सांधा लाल होतो.

कुठला सांधा त्रास देतो हे शोधायला हात लावून पाहण्याची गरज नाही. प्रवाह वाहत असताना मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याची दोन टोके सांध्याच्या दोन बाजूंना टेकवावी. हजार अ‍ॅम्पिअरला शंभर मिलिव्होल्ट दिसले तर त्या एका सांध्यात शंभर वॅट जळत आहेत. एकेक सांधा असा तपासत गेले की पाच मिनिटांत सगळ्या उष्णतेचा जमाखर्च कागदावर येतो.

पोलाद मात्र या झुंजीत आपल्या बाजूने असते. थंड पोलादाचा विशिष्ट रोध तांब्याच्या नऊपटीच्या आसपास असतो. तापत जाताना तो वाढत जातो, आणि ८०० अंशांच्या सुमारास सुरुवातीच्या सहा-सातपट होतो. म्हणजे सळई जसजशी तापते तसतसा वर्तुळातल्या उष्णतेतला तिचा वाटा वाढतो. सुरुवातीला पंचवीस टक्के मिळत असतील तर लाल झाल्यावर सत्तर टक्क्यांच्या आसपास. शिवाय थंड पोलाद चुंबकीय असल्याने प्रत्यावर्ती प्रवाह त्याच्या सालीतूनच धावतो आणि प्रत्यक्षातला रोध वरच्या आकड्यांपेक्षा थोडा जास्तच मिळतो. ७७० अंशांपाशी पोलादाचे चुंबकत्व जाते आणि प्रवाह सगळ्या जाडीत पसरतो.

याच गुणाचा दुसरा परिणाम बनवणाऱ्याला दिसतो. सळई कुठे जराशी बारीक असेल तर तिथे रोध जास्त, म्हणून ती जागा आधी तापते, तापली म्हणून तिचा रोध आणखी वाढतो, आणि उजेड तिथेच सुरू होतो. सळई वाकवायची असेल तर याचा उपयोग करून घेता येतो : जिथे वाक हवा तिथे फाइलने किंचित घासून ठेवायचे. सारखी तापवायची असेल तर हीच गोष्ट आड येते, डोळ्यात तेल घालून बसावे लागते. चिमट्यांजवळचा भाग मात्र शेवटपर्यंत काळा राहतो, कारण तांब्याचे जाड जबडे तिथली उष्णता ओढून घेतात.

काळा म्हणजे थंड नव्हे, हे नीट लक्षात घ्यावे. अंधारातसुद्धा लोखंड ५२५ अंशांच्या सुमारास पहिल्यांदा मंद लाल दिसू लागते. जॉन विल्यम ड्रेपरने १८४७ साली हा बिंदू मोजला. त्याखालच्या ४०० अंशांच्या सळईकडे पाहून काहीही कळत नाही आणि ती हाताला क्षणात चिकटते.

धोक्याबद्दल मला स्पष्ट लिहायचे आहे, कारण या यंत्राचे दोन व्होल्ट माणसाला फसवतात. दोन व्होल्टने शॉक बसत नाही हे खरे. पण बोटातली अंगठी, हातातले कडे, घड्याळाचा पट्टा दोन टोकांमध्ये अडकला तर तोच सळई होतो, आणि अंगठी लाल व्हायला सेकंदही लागत नाही. काम सुरू करण्याआधी हे सगळे उतरवून ठेवावे. वाहता प्रवाह सेकंडरीच्या बाजूने तोडला तर तुटण्याच्या जागी वितळलेला धातू उडतो, म्हणून स्विच नेहमी प्रायमरीच्या बाजूला, आणि डोळ्यांवर चष्मा. जस्त चढवलेली सळई कधीही तापवू नये. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि त्याचा पांढरा धूर ताप आणतो.

याहून मोठा धोका दुसऱ्या बाजूला आहे. प्रायमरीत घराचे २३० व्होल्ट असतात. सेकंडरी ओवताना प्रायमरीचा एनॅमल खरवडला गेला तर ते २३० व्होल्ट हातातल्या सळईवर येऊ शकतात. म्हणून दोन्ही वेटोळ्यांमध्ये भरपूर इन्सुलेशन आणि गाभ्याला अर्थिंग, या दोन गोष्टींवर तडजोड नाही. आणि ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरची मूळ सेकंडरी, ती दोन हजार व्होल्टची, जशी आहे तशी कधीही चालवू नये. तिच्यात मारण्याइतका दाब आणि मारण्याइतका प्रवाह दोन्ही असतात. लाकडावर विजेने झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी जाळण्याच्या छंदात असे ट्रान्सफॉर्मर वापरून अमेरिकेत तीसहून अधिक माणसे मेली. अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या संस्थेने आपल्या कार्यक्रमांत ही पद्धत बंद केली. ओव्हन उघडणाऱ्याने त्यातल्या कपॅसिटरलाही तितकेच घाबरावे, प्लग काढल्यानंतरही त्यात भार शिल्लक असू शकतो. विजेच्या कामाची सवय नसलेल्याने हे काम जाणत्या माणसाला शेजारी घेऊनच करावे.

चालू करताना कधी कधी काहीच जोडलेले नसतानाही एमसीबी पडतो आणि नवखा माणूस घाबरतो. बटण नेमके कुठल्या क्षणी दाबले यावर ते अवलंबून असते. दाबाची लहर शून्यातून जात असताना जोडणी झाली तर गाभ्यातले चुंबकत्व पहिल्या अर्ध्या आवर्तनात नेहमीच्या दुपटीकडे धावते, लोखंड संपृक्त होते, आणि क्षणभर प्रायमरीला अडवणारे काही उरत नाही. पुन्हा बटण दाबले तर बहुधा ठीक चालते. सळई जोडून चालू केले की केबल हलकीशी उसळी मारतात, तोही भास नसतो. जाणारी आणि येणारी केबल दोन सेंटिमीटर अंतरावर असेल तर हजार अ‍ॅम्पिअरला त्या एकमेकींना दर मीटरला किलोभर वजनाच्या जोराने दूर ढकलतात. त्या बांधून ठेवल्या नाहीत तर इन्सुलेशन घासून जाते. लांब पसरून ठेवल्या तर मधल्या रिकाम्या जागेत साठणारे चुंबकत्व प्रवाह रोखते. म्हणून दोन्ही केबल जवळजवळ आणि घट्ट बांधलेल्या हव्यात.

सांध्यांची ही सगळी कटकट टाळण्याचा एक मार्ग आहे : तापवायची वस्तूच सेकंडरीचा वेढा करायची. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोखंडी कडे गोवऱ्यांच्या जाळात तापवून, फुलवून लाकडावर ठोकतात आणि पाणी टाकून आवळतात. कारखान्यात शाफ्टवर बेअरिंग याच तत्त्वाने बसवतात, फक्त जाळ नसतो. गाभ्याचा एक दांडा सुटा करून त्यात बेअरिंग ओवायचे, दांडा परत बसवायचा, प्रायमरी चालू करायची. बेअरिंगचे कडे हाच एक बंद वेढा. प्रवाह त्यातच जन्मतो आणि त्यातच फिरतो, बाहेर जोडणी कुठेच नाही. ११० अंशांपर्यंत तापले की १०० मिलिमीटर भोक साधारण एक दशांश मिलिमीटरने मोठे होते, आणि बेअरिंग हाताने सरकवता येते. १२० अंशांच्या फार पुढे नेले तर पोलादाची कठीणता जाऊ लागते. शेवटी त्यातले चुंबकत्व काढून टाकावे लागते, नाहीतर आयुष्यभर लोखंडाचा कीस चिकटत राहतो. घरगुती बनावटीच्या सगळ्या प्रकारांत मला हा सर्वांत उपयोगी वाटतो, आणि सर्वांत कमी धोक्याचाही.

हेच तत्त्व भट्टीपर्यंत नेले ते स्वीडनच्या गिसिंगे इथे फ्रेड्रिक केलिनने, १९०० साली. त्याच्या ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी म्हणजे विटांच्या गोल खंदकात भरलेले वितळलेले पोलाद. गाभा मधोमध, भोवती प्रायमरी, आणि तिच्याभोवती पोलादाचे तळपते कडे. पोलाद कोळशाला लागतच नसल्याने त्यात गंधकाची अशुद्धी शिरत नव्हती. पण प्रवाह वाढवला की नवी अडचण उभी राहायची. शेजारी-शेजारी एकाच दिशेने वाहणारे प्रवाह एकमेकांना ओढतात, आणि द्रव धातूला ही ओढ सहन होत नाही. कडे एखाद्या ठिकाणी आवळून बारीक होते, तुटते, प्रवाह थांबतो, द्रव पुन्हा मिळतो, पुन्हा तुटतो. फिलाडेल्फियाच्या कार्ल हेरिंगने ही गोष्ट पाहिली आणि एडविन नॉर्थ्रपने १९०७ साली तिच्यावर निबंध लिहिला.

याच नॉर्थ्रपने प्रिन्स्टनमध्ये काम करताना १९१६च्या सुमारास लोखंडी गाभा आणि खंदक दोन्ही काढून टाकले. मुशीभोवती तांब्याच्या नळीचे वेटोळे, नळीतून थंड करणारे पाणी, आणि मुशीतला धातू हीच सेकंडरी. गाभा नसल्याने छोट्या मुशीला पन्नास हर्ट्झ पुरत नाहीत, वारंवारता वाढवावी लागते. जालन्याचे सळई कारखाने भंगार वितळवतात आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीत बीड ओततात ते आज बहुतांशी अशाच भट्ट्यांत, काहीशे हर्ट्झवर. हेरिंगने पाहिलेली ती ओढ या भट्टीतही आहे, पण मुशीत तिला तोडण्यासारखे कडे सापडत नाही. ती धातू मध्याकडे दाबून वर उचलते, पृष्ठभागाला फुगवटा येतो, आणि वरचा धातू कडेने खाली जात राहतो. वरून टाकलेले फेरोमँगनीज किंवा फेरोसिलिकॉन त्या ढवळण्याने काही मिनिटांत सगळ्या घाण्यात सारखे मिसळते.